कुठवर आलंय?

आईला पडद्यावरची मारामारी बघवत नाही. मालिकेत कुणी कुणाला जिन्यावरून ढकललं तरी ती उठते, ओट्यापाशी जाते आणि आवरलेलीच भांडी पुन्हा आवरत बसते. बातम्यांत अपघात दाखवायला लागले की आवाज बंद करायला लावते. जुलैतल्या एका रात्री मी हेडफोन न लावता लॅपटॉपवर एक व्हिडिओ गेम खेळत होते. ती पाणी प्यायला उठली आणि जाता जाता माझ्या खुर्चीमागे थांबली. पडद्यावर अंधारलेला कॉरिडॉर, एक लुकलुकणारा दिवा आणि टेबलाखाली दडून बसलेली मी. हातातल्या यंत्राच्या काचेवर एक हिरवा ठिपका पुढे सरकत होता. आता 'बंद कर बाई ते' ऐकायला मिळणार, असं मी गृहीतच धरलं होतं. आई वाकली, त्या ठिपक्याकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "कुठवर आलंय?"

"दारापाशी असेल," मी म्हटलं.

"मग हलू नकोस," असं म्हणून ती पलंगाच्या कडेवर बसली. बसली ती बराच वेळ उठलीच नाही. बाहेर पाऊस लागून राहिला होता, पन्हळीचं पाणी मागच्या बोळात पडत होतं आणि आम्ही दोघी, पृथ्वीपासून कुठल्या कुठे लांब असलेल्या एका अवकाशस्थानकात, छतातून येणाऱ्या आवाजांकडे कान लावून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी ती त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही. पोहे केले, डबा भरून दिला, गाडी सावकाश चालव म्हणाली. मला मात्र दिवसभर एकच गोष्ट बोचत राहिली. जिला खोट्या मालिकेतली थप्पड सोसत नाही, ती या भयंकर खेळापुढे इतका वेळ का बसली? आणि मग ओघानेच, मी का बसते?

खेळाचं नाव 'एलियन आयसोलेशन'. तो २०१४ च्या ऑक्टोबरात आला. इंग्लंडातल्या हॉर्शमच्या क्रिएटिव्ह असेंब्ली या कंपनीने तो केला. ही मंडळी तोवर हजारो सैनिकांच्या फौजा एकमेकांवर सोडणाऱ्या युद्धखेळांसाठी प्रसिद्ध होती. इथे त्यांनी सगळी ताकद एका परग्रही जनावरावर लावली. साल २१३७. सेव्हास्तोपोल नावाचं, मोडकळीला आलेलं, निम्मं बंद पडलेलं स्थानक. अमांडा रिप्ली ही इंजिनियर आपल्या आईचा माग काढत तिथे येते. आई पंधरा वर्षांपूर्वी जहाजासकट बेपत्ता झालेली असते आणि त्या जहाजाची नोंदपेटी इथे सापडल्याचं कळलेलं असतं. स्थानकात ते जनावर मोकळं फिरत असतं. त्याला मारता येत नाही. गोळ्यांनी त्याला काही होत नाही, उलट बंदुकीच्या आवाजाने ते आपल्या अंगावर येतं. तुमच्या हातात उरतं ते ऐकणं, थांबणं, आणि ते गेलं की पुढच्या दारापर्यंत पोचणं.

माझ्यासाठी या खेळाची ओढ आवाजापासून सुरू होते. मी कुपवाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. आमच्या कामात डोळ्यांच्या आधी कान लागतो. बेअरिंग जायला आलं की मशिन दोन दिवस आधीपासून सांगत असतं. एअर लाइन कुठेतरी फुटलीय हे शिफ्ट सुटल्यावर, बाकीची मशिनं थांबल्यावरच कळतं. पॅनेलमधला वीज जोडणारा कॉन्टॅक्टर खटकन बसला की किरकिरत बसला, यावरून आमचा जुना फोरमन पॅनेल न उघडता दोष सांगायचा. सेव्हास्तोपोलमध्ये पहिल्यांदा शिरले तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती उभी राहिले होते. ब्लोअरची घरघर, लांब कुठेतरी आकसणारं पोलाद, दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा फुत्कार. हे स्थानक आजारी आहे हे कुणी सांगायच्या आधी मला कळलं. मग त्या सगळ्या आवाजांच्या वर, छताच्या पत्र्याच्या डक्टमधून, काहीतरी जड वस्तू धावत गेल्याचा आवाज आला, आणि मी माझ्या खोलीत, माझ्या खुर्चीत, मान वर करून आमच्या स्लॅबकडे बघितलं.

तिथलं भविष्यही मला ओळखीचं वाटतं. हा खेळ १९७९ सालच्या मूळ 'एलियन' चित्रपटातल्या घटनांनंतर पंधरा वर्षांनी घडतो, म्हणून यातली यंत्रं १९७९ मध्ये माणसांनी कल्पना केली असेल तशी आहेत. फुगीर काचेचे मॉनिटर, खटखट वाजणारे कळफलक, हाताने ओढायच्या लिव्हर. पडद्यावरची चित्रं खरोखर जुनी दिसावीत म्हणून बनवणाऱ्यांनी ती व्हीएचएस टेपवर उतरवली, जुन्या टीव्हीवर चालवली, बिघडवली, आणि त्या बिघडलेल्या चित्रांचं पुन्हा चित्रण करून खेळात घातलं. ही मेहनत मला मनापासून भावते. आमच्याकडे अजून एक कंट्रोल पॅनेल आहे ज्याचे दिवे पिवळट हिरवे आहेत आणि ज्याला नवीन पोरं हात लावायला घाबरतात. अमांडाच्या हाताला त्या पॅनेलची सवय असती. तिला नायिका म्हणून तलवार दिलेली नाही, पाना दिलाय आणि कटिंग टॉर्च दिलाय. भिंतीतला वायरिंगचा बॉक्स उघडून ती ठरवते की आता कॅमेरे बंद करायचे की लाउडस्पीकर चालू करायचा, की हवा शुद्ध करणारी यंत्रणा थांबवून धुराचा आडोसा करायचा. सगळा खेळ म्हणजे बिघडलेल्या प्लँटमधली एक न संपणारी नाइट शिफ्ट आहे.

आणि जनावर. त्याच्याविषयी लिहायचं तर हात आखडता घेता येत नाही. त्याचं डोकं दोन थरांत बांधलेलं आहे. वर एक अदृश्य सूत्रधार असतो, त्याला खेळणारा कुठे आहे हे कायम ठाऊक असतं. तो जनावराला नेमकी जागा सांगत नाही, फक्त अमुक भागात जा असं अधूनमधून सुचवतो, आणि फार ताण झाला की त्याला लांब काढतो. प्रत्यक्ष जनावराला मात्र स्वतःच्या डोळ्यांनी आणि कानांनीच तुम्हाला शोधावं लागतं. म्हणजे तुम्ही पळालात तर त्याने ऐकलं म्हणून ते आलं, आणि तुम्ही टेबलाखाली श्वास रोखून बसलात तर त्याला दिसला नाहीत म्हणून ते गेलं. त्याची ये-जा ठरीव नाही, त्यामुळे पाठ करून सुटता येत नाही. छताच्या झरोक्यातून लाळ गळताना दिसली तर त्याखालून जायचं नाही, कारण ते वर टपून बसलंय. आगीचा फवारा मारून काही क्षण त्याला परतवता येतं, पण पुढेपुढे तेही त्याला सरावतं.

हातातलं ते यंत्र तर अप्रतिम आहे. ते फक्त हालचाल दाखवतं. जनावर निश्चल उभं असेल तर काच कोरी. यंत्राकडे नजर लावली की समोरचा कॉरिडॉर धूसर होतो, कॉरिडॉरकडे बघावं तर ठिपका पुसट. दोन्ही एकदम नीट बघता येत नाही. शिवाय त्याचं बीप बीप जनावर जवळ आलं तर त्यालाही ऐकू जातं. जे तुम्हाला सावध करतं तेच तुम्हाला पकडून देऊ शकतं. आणि खेळ जतन करायचा तर भिंतीवरच्या फोनपाशी उभं राहून कार्ड घालायचं आणि एकेक करत तीन दिवे लागेपर्यंत थांबायचं. त्या वेळात जग थांबत नाही. मी त्या तीन दिव्यांसमोर जितकी मनापासून उभी राहिले आहे तितकी फार थोड्या ठिकाणी राहिले असेन.

कारखान्यातले एक सहकारी म्हणतात, पैसे देऊन भीती विकत घेतेस. त्यांचं खरं आहे. पण ती कुठली भीती, हे विचारायला हवं.

सांगलीत पावसाळ्यात लोक एकमेकांना कसे आहात विचारत नाहीत, आयर्विनला किती विचारतात. कृष्णेवरचा १९२९ चा तो पूल आमचा नाडी बघायचा हात आहे, पाणी किती चढलं ते तिथेच बघतात. पंचेचाळीस फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीतून किती सोडलं, याचे आकडे दुधाच्या भावाइतके सहज तोंडी असतात. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं तेव्हा सगळे म्हणाले, यापुढे एवढं कधी यायचं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही गावभागात राहतो. खालच्या खोलीतलं जमेल तेवढं वर आणलं, तांदळाचे डबे, देव, शिवणयंत्र, माझी प्रमाणपत्रं. गाद्या तशाच राहिल्या. वीज गेली होती. आई बॅटरी घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली आणि खडूने भिंतीवर रेघ मारायला लागली. रेघ बुडाली की वरची रेघ. समोरच्या गच्चीतून कुणीतरी ओरडायचं, "काकू, कुठवर आलंय?" आणि आई तिकडे तोंड करून सांगायची, "पाचवी पायरी गेली!" मग ती व्यक्ती पलीकडच्या गच्चीला सांगायची.

त्या रात्रीचे आवाज मला अजून वेगवेगळे ओळखता येतील. रिकामा सिलिंडर खालच्या खोलीत भिंतीला आपटत होता. फ्रीज उताणा होऊन तरंगला तेव्हा आतल्या बाटल्या घरंगळल्या. कुठेतरी गाय हंबरत होती आणि मग थांबली. पाण्याला स्वतःचा आवाज जवळजवळ नव्हता, हेच सगळ्यात वाईट होतं. ते यायचं तेव्हा नुसती एखादी वस्तू जागची हलायची. आम्ही जितकं लक्ष देता येतं तितकं दिलं. आईने रात्रभर पापणी मिटली नाही. आणि त्या लक्ष देण्याचा पाण्यावर तसूभर परिणाम नव्हता. आपण बोललो काय, गप्प बसलो काय, हललो काय, ते आपल्याला शोधत नव्हतंच. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला माणसं सुटकेसाठी नावेत बसली आणि ती नाव उलटली. ती बातमी आम्हाला मोबाइल चार्ज झाल्यावर, पाणी उतरायला लागल्यावर कळली. आई बराच वेळ नुसती जिन्यावर बसून होती. ती माणसं काही चुकली नव्हती. भीतीने सांगितलं तेच त्यांनी केलं होतं.

या आठवणीशेजारी एक खेळ ठेवायचा मला संकोच वाटतो. पण त्या दोन गोष्टी माझ्या मनात शेजारीच आहेत, त्याला माझा इलाज नाही.

माझे आजोबा हरिपूरला हळदीच्या पेवांवर एका अडत्याचा हिशेब ठेवायचे. आता त्यातली बरीचशी पेवं राहिली नाहीत, २००५ च्या पुराने खाल्ली. अरुंद तोंडाची, आत मोठ्या पोटाची ती जमिनीतली कोठारं, तोंड माती लिंपून बंद केलं की हळकुंडं आत वर्षानुवर्षं शाबूत. आत हवा नसते म्हणून कीड लागत नाही. आणि आत हवा नसते म्हणूनच माणूस उतरला तर मरतो. आजोबा सांगायचे, पेव उघडलं की लगेच कुणी पाय ठेवायचा नाही. तोंड मोकळं ठेवायचं, मग कंदील दोरीने खाली सोडायचा आणि सगळ्यांनी कडेला बसून ज्योतीकडे बघायचं. ज्योत विझली तर अजून थांबायचं. घाई करणाऱ्याला ते शिव्या देत. मी लहानपणी एकदा त्या कडेला पालथी पडून आत बघितलंय. खालून हळदीचा उग्र, कोरडा वास वर येत होता आणि कंदिलाच्या उजेडात पेवाची भिंत मध्येच संपत होती, पुढे सगळा काळोख. आजोबांनी माझा फ्रॉक मागून घट्ट धरून ठेवला होता. मला आत उतरायचं नव्हतं, पण तिथून उठवतही नव्हतं. ज्योत हलतेय की नाही, एवढ्यावर सगळ्यांचे डोळे. सेव्हास्तोपोलमधल्या फोनसमोर दिवे मोजताना मला पुष्कळदा पाठीवर ती पकड जाणवते.

आणि मगरी आहेतच. औदुंबर, भिलवडी, आमणापूर या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत, त्यांनी माणसं नेली आहेत, आणि तरीही लोक नदीवर जातात, कारण नदी सोडून जायचं कुठे? मामाच्या गावी मामी घाटावर धुणं धुवायची तेव्हा तिचे हात एकीकडे चालत आणि डोळे पाण्यावर. माझ्याशी बोलताना ती मध्येच अर्ध्या शब्दावर थांबायची, पाण्याचा एक तुकडा न्याहाळायची आणि वाक्य तिथूनच पुढे सुरू करायची. मगरीविषयी ती रागाने कधी बोलली नाही. "तिचं पोट आहे, आपले कपडे आहेत," म्हणायची. खेळातल्या जनावराकडे मी तशीच बघते. ते दुष्ट नाही. त्याला माझ्याविषयी काही मत नाही. स्थानकातले कृत्रिम माणूस मला त्याहून जास्त घाबरवतात, ते पांढरे, गुळगुळीत चेहऱ्याचे, गळा आवळतानाही अदबीने शांत राहायला सांगणारे. मगरीला आणि त्या जनावराला निदान तोंडदेखलं बोलता येत नाही.

मग आई पुन्हा एका रात्री आली. या वेळी पाणी प्यायचं निमित्त नव्हतं. खेळ आला त्या वर्षीच्या कन्सोलवर मायक्रोफोनची सोय होती, खोलीत कुणी शिंकलं तरी जनावराला ऐकू जायचं. माझ्या लॅपटॉपवर मी तसलं काही लावलेलं नाही, हे सांगूनही आई कुजबुजतच बोलते. मी दवाखान्याच्या विभागात अडकले होते. पाऊल वाजलं असावं, ते डक्टमधून धप्पकन उतरलं, आणि मी कशीबशी एका लॉकरात शिरले. फटींतून त्याचे पाय दिसले. ते सरळ लॉकरसमोर आलं. अशा वेळी मागे सरकून श्वास रोखावा लागतो, फार रोखला तर अमांडाचा जीव खालावतो. पडद्याच्या कडा लाल व्हायला लागल्या. आईने माझं मनगट धरलं होतं. ते वास घेत उभं राहिलं, शेपूट पत्र्यावर घासली, आणि मग वळलं. पावलं लांब गेली. डक्टचं झाकण वाजलं.

"गेलं," आई म्हणाली. "परत फिरलं बघ."

तिच्या आवाजात जे होतं ते मी पुरानंतर ऐकलं नव्हतं, पुरातही ऐकलं नव्हतं. पाणी परत फिरत नाही. ते वर येतं, कंटाळा येईपर्यंत बसतं, कधीतरी उतरतं, पण तुम्ही श्वास रोखला म्हणून उतरत नाही. इथे मात्र एक भयंकर गोष्ट आमच्या पुढ्यात आली, आम्ही नेमकं हवं ते केलं, आणि तिला माघारी जावं लागलं. आईने जिन्यावर रात्रभर जे लक्ष दिलं होतं, त्याला कुणी दाद दिली नव्हती. या खेळात दिलेल्या लक्षाला दाद मिळते. मी का बसते याचं उत्तर मला तिच्या त्या दोन शब्दांत सापडलं. खेळात मी शूर नसते. मी नीट ऐकलं तर वाचते, आणि ऐकलं नाही तर मरते, आणि तो निवाडा दर वेळी चोख असतो. खऱ्या आयुष्यात असा हिशेब मी क्वचितच बघितलाय. कारखान्यात कधीकधी, बेअरिंग वेळेवर बदललं तर.

खेळात दोषही आहेत. तो लांबतो. शेवटचा तिसरा हिस्सा संपता संपत नाही, आता सुटलो म्हणावं तर पुन्हा एक दार, पुन्हा एक जनरेटर. आगीचा फवारा हातात आला की भीती थोडी उतरते, आणि आईचा रसही. "आता हिच्याकडे हत्यार आहे ना, मग मी झोपते," असं म्हणून ती गेली. मला त्या समीक्षेत खोट काढता आली नाही.

मात्र एक गोष्ट ती विसरली नाही. दोन-तीनदा भाजी निवडताना विचारलं, "सापडते का गं तिला तिची आई?" मी टाळत राहिले. ज्यांना हे चित्रपट माहीत आहेत त्यांना ठाऊक असतं की आई त्या वेळी कुठेतरी अवकाशात गोठलेल्या झोपेत तरंगते आहे, आणि मायलेकींची भेट होणार नाही. अमांडाला मिळतो तो आईचा ध्वनिमुद्रित निरोप, मुलीसाठी ठेवलेला. तेवढ्यासाठी ती सगळा प्रवास करते. शेवटी मी आईला तो भाग दाखवला, एकही शब्द आधी न सांगता. इंग्रजी तिला अर्धवट कळतं. पण कोण कुणाशी बोलतंय हे तिला लगेच कळलं. "हे ऐकल्यावर तरी तिला तिथून बाहेर पडू द्यायला हवं होतं," असं ती जरा चिडूनच म्हणाली, आणि मलाही तसंच वाटतं. इतक्या लांबवर आणून, तो आवाज ऐकवून, लगेच तिला पुन्हा पळायला लावणं हे मला आजही निष्ठुर वाटतं.

२०२४ च्या ऑक्टोबरात, खेळाला दहा वर्षं झाली तेव्हा, त्याचे दिग्दर्शक अल होप यांनी पुढच्या भागावर काम सुरू झाल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून मी मनातल्या मनात मागण्या जमवते आहे. जनावर एकच ठेवा. बंदुका वाढवू नका. फोनवरचे ते तीन दिवे काढून टाकून खेळ आपोआप जतन व्हायची सोय तर कृपा करून नकोच, त्या थांबण्यातच सगळं आहे. लांबी कमी करा. आईची मागणी वेगळी आहे. तिला लपायला जास्त लॉकर हवेत, प्रत्येक खोलीत निदान दोन, एक ऐन वेळी उघडलं नाही तर. मी तिला सांगून बघितलं की जागा जास्त झाल्या तर धाकच राहणार नाही. ती म्हणाली, तू जिन्यावर बसली नव्हतीस, तू आत झोपली होतीस. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, पण लॉकर कमीच असावेत हे माझं मत अजून तेच आहे.